बाबांची मोटार आणि नदीकाठचे गुलाब

माझं लग्न ठरलं त्या वर्षी बाबांनी मोटार घेतली. ते रत्नागिरीत वकिली करत. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी आपली जुनी मोटार काढायची ठरवली, बाबा एकटेच जाऊन ती पाहून आले आणि आठवड्याभरात ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. काळी, कापडी टपाची, बाजूला रबरी भोंगा. ड्रायव्हर ठेवा असं त्यांना सगळ्यांनी सुचवलं. "ड्रायव्हर ठेवायचा तर टांगा काय वाईट होता?" असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. मग महिनाभर ते रोज सकाळी मांडवीकडच्या रस्त्यावर मोटार शिकत होते. शिकून घरी आले की त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा आणि जेवताना ते कुणाशी बोलत नसत.

चालवायला त्यांना आली. पण एक भीती त्यांच्या मनात बसली ती कधी गेली नाही. तापलेली मोटार बंद पडली की परत चालू होत नाही, असं त्यांचं मत झालं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पुढे हँडल घालून ते फिरवायचे, फिरवायचे, मोटार खोकायची आणि गप्प व्हायची. म्हणून त्यांनी नियमच केला. एकदा चालू झालेली मोटार मुक्काम येईपर्यंत थांबवायची नाही.

आमच्याकडे रोज सकाळी एक फुलवाली यायची. पूजेची फुलं द्यायची आणि आईशी दारात चार शब्द बोलायची. तिचे गुलाब लांज्याच्या अलीकडून यायचे. तिथे नदीकाठी एका माणसानं गुलाबांची आणि अबोलीची बाग केली होती. तो मुंबईला कुणा शेटजीच्या बंगल्यावर माळी होता, आणि गावी परत आल्यावर भाताच्या दोन चोंढ्यांत, म्हणजे खाचरांत, भात न लावता त्यानं गुलाब लावले म्हणून गावानं त्याला वेड्यात काढलं होतं. फुलवाली सांगायची, "वैनी, नुसता वास घेऊन माणूस उभा ऱ्हातो बघा." आईनं हे इतक्या वेळा ऐकलं होतं की ती बाग तिला पाठ झाली होती. "एकदा जाऊन बघायला हवं," ती म्हणायची. कुणी लक्ष देत नसे.

मोटार आल्यावर मात्र तिनं बाबांपाशी विषय काढला. मी वैशाखात सासरी खेडला जाणार, त्याआधी घरच्या सगळ्यांनी मिळून एकदा कुठेतरी जावं, आणि ते कुठेतरी म्हणजे ती बाग. बाबा लगेच हो म्हणाले. इतक्या लांब मोटार नेण्याचं निमित्त त्यांनाही हवंच होतं.

दादा, माझा मोठा भाऊ, मुंबईहून रजेवर आला होता. तो ऑफिसात कारकून होता, पण मित्राच्या मोटारीवर हात बसवला आहे असं सांगायचा. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडेच राहायची. तिला बागेशी कर्तव्य नव्हतं, पण घरी एकटी राहायची तिची तयारी नव्हती. असे आम्ही पाच जण माघातल्या एका रविवारी निघालो.

निघायचं होतं उजाडायच्या आत. आई पहाटेच उठून दशम्या करून तयार होती. मी केसांना तेल न लावता वेणी घातली होती, कारण बागेत गुलाब माळायचे होते. पण बाबांनी आधी मोटार पुसली. मग पूजा केली. मग दादा म्हणाला की चाकात हवा कमी आहे. बाबा म्हणाले, पुरेशी आहे. दादा म्हणाला, मुंबईत अशी मोटार कुणी रस्त्यावर आणणार नाही. त्यावर बाबांनी पंप काढला, दोघांनी आळीपाळीनं हवा भरली आणि त्यात एका चाकाची नळीच चिरली. ती ठिगळ लावून नीट होईपर्यंत ऊन ओसरीवर आलं होतं. आई दारातल्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, "फुलं काय, संध्याकाळपर्यंत थांबतील."

ते आम्हाला तेव्हा थट्टेचंच वाटलं.

रस्ता लाल मातीचा. हातखंब्यापर्यंत आमच्या तोंडावर, डोळ्यांत, दशम्यांच्या फडक्यावर धूळच धूळ. आंब्यांना मोहोर आलेला होता, वाऱ्यानं त्याचा वास मोटारीत यायचा आणि लगेच पेट्रोलच्या वासात बुडायचा. पालीच्या पुढे रस्ता वर चढतो. एका वळणावर एकाएकी उजवीकडची झाडं संपली आणि खाली सगळी दरी उघडी पडली. तळाशी नदी, तिच्या दोन्ही काठांना हिरवे तुकडे, पलीकडे डोंगरावर काटेसावरी फुललेल्या. पान एकही नाही, नुसती लाल फुलं.

आई पुढे वाकून म्हणाली, "अहो, जरा थांबा ना इथे."

"चढ आहे," बाबा म्हणाले. "चढावर थांबता येत नाही."

दरी मागे गेली. थोड्या वेळानं रस्ता उतरायला लागला, पुन्हा नदी दिसली, आता जवळून. आई म्हणाली, "आता?"

"आता उतार आहे. उतारावर ब्रेकवर उभी करणं धोक्याचं."

खाली उतरून सपाटी आली. या वेळी मीच म्हटलं, "बाबा, आता तर सपाट आहे."

"सपाटीवर बघण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. आणि खरंच तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं होती.

आत्याला मोटार लागली. ती मळमळून पदर तोंडाला लावून बसली होती. "अरे, थांबव रे जरा," ती बाबांना म्हणाली. ते म्हणाले, "ताई, पाचच मिनिटं." पाच मिनिटांची वाट बघणं तिच्या हातात नव्हतं. ती बाजूला वाकली, मी तिला दंडाला धरून ठेवलं, आणि मोटार तशीच चालत राहिली. मला तेव्हा इतका संताप आला की माझे कान गरम झाले. बाबांचा मागून दिसणारा मानेचा भाग, घट्ट, ताठ, अजून डोळ्यांपुढे येतो. ते वाईट नव्हते. त्यांना रस्त्याखेरीज काही दिसतच नव्हतं.

शेवटी मोटार थांबली ती गुरांनी थांबवली. एका वळणापलीकडे सगळा कळप रस्त्यात बसला होता. बाबांनी भोंगा वाजवला, एकही बैल उठला नाही, आणि ब्रेक लावताच इंजिन बंद पडलं. बॉनेटखालून वाफ यायला लागली.

"पाणी संपलंय," दादा म्हणाला. "मी सकाळीच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"हवा भरत होतो ना!"

त्यांचं तिथेच जुंपलं. आई आणि मी डबा रिकामा करून ओढ्याकडे, तिकडच्या भाषेत पऱ्याकडे, पाणी आणायला उतरलो. दशम्या रुमालात गुंडाळून आत्याच्या मांडीवर ठेवल्या. तिच्याजवळ सोवळ्याच्या पाण्याचा तांब्या होता, तो ती द्यायला तयार नव्हती. आम्ही त्या डब्यानं चार-पाच खेपा केल्या. आईच्या लुगड्याचा काठ भिजून चिखलानं लाल झाला. ते तिचं नवं लुगडं होतं, आणि प्रवासाला ते नेसू नको असं मी तिला सांगितलं होतं.

मोटार गार झाल्यावर हँडल मारून एकदाची चालू झाली, आणि बागेपाशी पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

निवडुंगाचं कुंपण होतं, त्यात बांबूचं फाटक. बाबांनी फाटकासमोर मोटार उभी केली, पण बंद केली नाही. "पटकन बघून या," ते म्हणाले. "चालूच ठेवतो."

आई फाटकातून आत गेली. मी तिच्या मागे. समोर नदीपर्यंत झुडपांच्या रांगा होत्या. हिरव्या. नुसत्या हिरव्या. एखाद्या फांदीवर अर्धवट गळालेलं फूल, खाली मातीत सुकलेल्या पाकळ्या. अबोलीच्या वाफ्यांतही तेच. आई रांगेच्या तोंडाशी उभी राहिली. मला वाटलं आपण चुकीच्या जागी आलो.

खोपटातून एक बाई हात पुसत बाहेर आली. बागवाल्याची बायको. चाळिशीची असेल, उन्हानं रापलेली.

"फुलं कुठायत?" मी विचारलं. माझा आवाज रडका आला.

"आता कसली फुलं, बाय? पाटंला खुडून झाली सगली. घरधनी कवाच घेऊन गेले. रत्नांग्रीच्या बाजारात पोचली असतील."

म्हणजे आम्ही फुलं बघायला इथे येत होतो, तेव्हा फुलं उतारूंच्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर बसून आमच्या गावी गेली होती. कदाचित वाटेत आमच्या शेजारून गेली असतील. आम्ही काही थांबलो नव्हतो.

बाईनं आम्हाला ताक दिलं. आईच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "आज ऱ्हावा हितंच. उद्या पाटंला बघा. कल्या रातीत फुलतात." आई काही बोलेपर्यंत बाहेर भोंगा वाजला. एकदा, मग लागोपाठ दोनदा.

आई फाटकाशी गेली. तिनं बाबांना सांगितलं की फुलं पहाटे असतात, आणि ही बाई राहा म्हणते आहे. बाबांनी मोटारीतूनच मान हलवली. "रात्रभर दवात मोटार उभी केली तर इंजिन भिजेल. उद्या मला कोर्ट आहे. आणि कुणब्याच्या घरी राहायचं म्हणजे काय? चला, बसा."

आत्या म्हणाली, "बघितली ना बाग? झालं तर मग."

आई बसली. मी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. बाबांपेक्षा तिचाच मला जास्त राग आला. पहाटेपासून ती सगळं सोसत होती, आणि मला असं वाटलं की माझंही पुढे हेच होणार, खेडला जाऊन मीही अशीच डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसणार.

परतताना अर्ध्या कोसावर चढाच्या पायथ्याशी मोटारीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. या वेळी वाफ नाही, आवाज नाही. बाबांनी हँडल मारलं. दादानं मारलं. दोघांनी बॉनेट उघडून आत डोकी घातली. एक म्हणे पेट्रोल येत नाही, दुसरा म्हणे ठिणगी पडत नाही. आम्ही तिघी एका आंब्याखाली बसून दशम्या खाल्ल्या. सावली सरकली तशा आम्ही सरकलो. ऊन कलायला लागलं तेव्हा राजापूरकडून रत्नागिरीला जाणारी सर्व्हिस मोटार आली आणि बाबांचा हात बघून थांबली.

बाबांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ते दादाला म्हणाले, "तू बायकांना घेऊन घरी जा. सकाळी कोर्टात निरोप दे आणि मिस्त्रीला घेऊन ये. मी इथे मोटारीपाशी थांबतो."

दादानं आत्याला हाताला धरून वर चढवलं. आत्या खिडकीशी बसली आणि लगेच पदर तोंडाशी नेला. मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

"आम्ही नाही येत," ती म्हणाली.

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"तुम्ही इथे थांबणारच आहात ना? मग आम्हीही थांबतो. आम्ही मागे बागेत जातो."

"तिथे? रात्रीचं?"

"दवात आम्ही काही भिजून बंद पडणार नाही."

सर्व्हिस मोटारीतली माणसं ऐकत होती. ड्रायव्हरनं घाई केली. बाबांनी दादाकडे बघितलं, दादानं हातावरची काजळी पुसायला सुरुवात केली. "लोक काय म्हणतील, अगं?" बाबा हळू आवाजात म्हणाले.

आईनं ओचा सारखा केला आणि ती चालायला लागली. मला तिच्याबरोबर राहायला जवळजवळ पळावं लागलं.

बागवाली बाई आम्हाला परत बघून चकित झाली नाही. तिनं खोपटाची एक बाजू शेणानं सारवून दिली. बागवाला संध्याकाळच्या गाडीनं रिकाम्या टोपल्या घेऊन परत आला. मुंबईला राहिल्यानं तो आमच्याशी शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करत होता आणि मध्येच अडखळून गावच्या बोलीवर यायचा. बाईनं वेगळी चूल मांडून देते, शिधा देते म्हटलं. आई म्हणाली, "कशाला? तुमच्याच भाकरी द्या." तिनं तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं त्यांच्याबरोबर बसून खाल्लं. मी तोवर आईला असं कुठेही जेवताना बघितलं नव्हतं. आत्याला सांगू नकोस, असंही ती मला म्हणाली नाही. मग तिनं बागवाल्याबरोबर बाबांसाठी दोन भाकरी आणि एक घोंगडी पाठवली. "घोंगडी माणसाला आहे म्हणावं, मोटारीला नाही," असं ती त्याला म्हणाली. तो हसत गेला.

उठलो तेव्हा बाहेर काही दिसत नव्हतं. नदीवरून धुकं आलं होतं. वास मात्र होता, इतका की मला वाटलं कुणी तोंडासमोर ओंजळ धरली आहे. धुक्यात माणसांचे आवाज, टोपल्या आपटल्याचे आवाज. खुडायला सुरुवात झाली होती. मी आईला म्हटलं, "आता उजाडून दिसेपर्यंत सगळी खुडून होतील. म्हणजे आजही तेच." माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

आईनं मला हाताला धरून नदीच्या टोकाशी नेलं. खुडणारे रस्त्याच्या बाजूनं येत होते, आम्ही त्यांच्या उलट्या टोकाला उभ्या राहिलो. हळूहळू धुकं पातळ झालं. आधी जवळची रांग दिसली, मग तिच्या मागची. गावठी गुलाब, फिके गुलाबी, दवानं जड होऊन वाकलेले. झुडपाला पानांपेक्षा फुलं जास्त. मग अबोलीचे वाफे, केशरी. आणि रांगांच्या शेवटी वाकलेल्या बायका, ज्यांच्या मागे सगळं हिरवं होत होतं आणि पुढे सगळं गुलाबी होतं. त्या आमच्याकडे येत होत्या. आई एकटक बघत होती. तिनं एकही फूल तोडलं नाही. तिच्या कपाळावर दवाचे थेंब बसले होते.

तेवढ्यात गुलाबांमधून बाबा आले. दोन रांगांच्या मधून, कमरेइतक्या फुलांमधून, घोंगडी खांद्यावर, केसांत गवताच्या काड्या. ते बागवाल्याला शोधत होते.

"यांच्याकडे बैल आहेत का?" त्यांनी आईला विचारलं. "मिस्त्री आला नाही तर ओढून तरी नेता येईल."

"अहो, बघा तरी जरा," आई म्हणाली.

त्यांनी इकडेतिकडे मान फिरवली. "बघितली. छान आहे. बैल कुठे आहेत?"

मी तोंड फिरवलं. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई मात्र शांतपणे खोपटाकडे बोट दाखवून म्हणाली, "तिकडे, गोठ्यात." बाबा गेले. जाताना त्यांच्या धोतराला गुलाबाचा काटा अडकला, त्यांनी न बघताच ओढून सोडवला.

दादा मिस्त्रीला घेऊन दुपारी आला. मिस्त्रीनं बराच वेळ आत हात घालून शेवटी मान हलवली. मग बैलांनी मोटार पालीपर्यंत ओढली. बाबा आत बसून चाक धरून होते, दादा मागून ढकलत होता. आई आणि मी बैलांच्या पुढे चाललो, म्हणजे धूळ लागत नाही. वाटेत ती दरी पुन्हा आली. चढावर बैल दमले आणि आपणहून थांबले, त्यामुळे आम्हाला ती मनसोक्त बघता आली. आई कठड्यावर बसली, पाय दुखत होते तिचे. मला मात्र आता काहीच बघायची इच्छा नव्हती. मला घरी जायचं होतं.

आत्या आईशी चार दिवस बोलली नाही. मग घरातली लोणच्याची बरणी कुणी फोडली यावरून बोलली, आणि सगळं पुन्हा सुरळीत झालं. बाबा पक्षकारांना सांगायचे, "परवा सहकुटुंब लांज्यापर्यंत मोटार नेली होती. रस्ता उत्तम आहे." बैलांचा उल्लेख नसायचा. एकदा ते असं सांगत असताना मी आत चहा गाळत होते. मी आईला विचारलं, "तुला चीड येत नाही बाबांची?"

"येते की," ती म्हणाली. "चीड आली म्हणून तर मागे गेले. नाहीतर गेले असते का?" आणि तिनं साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.

वैशाखात माझं लग्न झालं आणि मी खेडला आले. मोटार बाबांनी पुढच्या पावसाळ्याआधी विकली. दादानं पत्रात कळवलं की नवा मालक ती घेऊन गेला तेव्हा बाबा अंगणात आलेच नाहीत, आत दिवाणखान्यात वर्तमानपत्र घेऊन बसून राहिले. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. मला वाईटही वाटलं नाही. एवढंच वाटलं, की आम्ही पाच जण एकत्र एकदाच कुठेतरी गेलो, आणि त्या वेळी पाच जणांनी पाच निरनिराळ्या गोष्टी बघितल्या. आईला तिची बाग मिळाली. मलाही ती मिळाली, पण इतक्या उशिरा आणि इतक्या भांडणांनंतर, की अजूनही गुलाब आठवायला गेलं की आधी पेट्रोलचा वास येतो.